लेऑफ झालाय, न्यू जर्सीत अनएम्प्लॉयमेंट (बेकारी भत्ता) कसं फाइल करायचं? मधे भारतात जाऊन आलो तर चालतं का?

निवांत_नाही:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत असतो, लिहायची वेळ आली ती अशी. बारा दिवसांपूर्वी माझा लेऑफ झाला. नऊ वर्षं एकाच कंपनीत होतो. सकाळी साडेनऊला 'क्विक सिंक' नावाचं मीटिंग आलं, त्यात मॅनेजर आणि एचआरची एक बाई, सहा मिनिटांत आटोपलं, मी काहीतरी विचारायला म्यूट काढतोय तोवर लॅपटॉपच लॉक झाला. असो, रडगाणं नको.

राहायला एडिसनला, ऑफिस मॅनहॅटनमधे, आठवड्यातून दोन दिवस ट्रेनने जायचो बाकी घरून. ग्रीन कार्ड आहे. सेव्हरन्स (काढताना कंपनी देते ते पैसे) नऊ आठवड्यांचा, एकरकमी देणार म्हणालेत. अनएम्प्लॉयमेंटचा फॉर्म अजून भरलेला नाही, कारण एक म्हणजे सेव्हरन्स संपेपर्यंत भरताच येत नाही असं एका मित्राने सांगितलं आणि दुसरं खरं सांगायचं तर लाज वाटते, वीस वर्षं इथे टॅक्स भरला आणि आता हात पसरायचा असं काहीतरी डोक्यात येतं. बायको म्हणते पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज टाकायचाय, सरकारी पैसे घेतले तर नडेल.

अजून दोन भानगडी. रविवारी घरी तबल्याचा क्लास घेतो, चार मुलं आहेत, प्रत्येकी पंधरा डॉलर, हिशोब महिन्याच्या शेवटी रोख. ते सांगावं लागतं का? आणि डिसेंबरात वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे नाशिकला, तीन आठवडे जायचंय, नोकरी नाहीच तर निदान हे तरी करून येतो असं ठरवलंय. दर आठवड्याचं ते जे काय ऑनलाइन भरायचं असतं ते तिकडून भरलं तर चालेल ना?

जर्सीची_ताई:
आधी हा धागा बंद कर आणि फॉर्म भर. आजच. उद्या पण नाही.

चिडून नाही सांगत, पण बारा दिवस म्हणजे तुझा एक आठवडा तर गेलाच आणि दुसरा चाललाय. क्लेम तू ज्या आठवड्यात भरतोस त्या आठवड्याच्या रविवारपासून धरतात, नोकरी गेली त्या दिवसापासून नाही. मागची तारीख मागता येते पण त्याला सबळ कारण लागतं आणि 'लाज वाटत होती' हे कारण तिथे चालत नाही रे. मी बारा वर्षं पेरोलमधे काम केलंय, लेऑफनंतर महिना-दीड महिना नुसतं बसून राहिलेली किती माणसं बघितली त्याची गणती नाही, आणि सगळी तुझ्यासारखीच, चांगली शिकलेली.

हात पसरायचं म्हणतोस तर तुझा शेवटचा पे-स्टब (पगाराची स्लिप) काढ. न्यू जर्सी हे त्या मोजक्या राज्यांपैकी आहे जिथे या बेकारी विम्याचा हप्ता कंपनीबरोबर कामगाराच्या पगारातूनही कापतात (दुसरी दोन पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का). तुझ्या पगाराला वर्षाला सव्वाशे-दीडशे डॉलर जात असणार, नऊ वर्षं. गाडीचा इन्शुरन्स क्लेम करताना लाजतोस का?

पे-स्टब काढायला सांगतेय त्याचं दुसरंही कारण आहे. क्लेम तू राहतोस त्या राज्यात नाही, काम केलंस त्या राज्यात करायचा असतो, आणि तुझं ऑफिस पडलं मॅनहॅटनला. इन्कम टॅक्सच्या ओळीवर जाऊ नकोस, तो न्यूयॉर्कला कापला जात असेलही, त्याचे नियम वेगळे. अनएम्प्लॉयमेंटची कपात कुठल्या राज्याच्या नावाने आहे ते बघ. जर्सीच्या नावाने यूआय (म्हणजे हाच विमा) अशी ओळ असेल तर कंपनी तुझा पगार बहुतेक जर्सीत दाखवतेय. त्याऐवजी न्यूयॉर्कचं डिसॅबिलिटी आणि फॅमिली लीव्ह कापलेलं दिसलं तर तिकडे बघावं लागेल. चुकीच्या राज्यात भरलंस तरी आभाळ कोसळत नाही, पण ते तुला दुसरीकडे पाठवणार आणि त्यात आठवडे जाणार.

बे_एरियातला_बंड्या:
ताईंना प्लस वन. आणि जर्सीत आहात तर नशीबवान आहात हो, आमच्या कॅलिफोर्नियात जास्तीत जास्त किती मिळतं माहितीये? आठवड्याला ४५० डॉलर. घरभाडं बघा आणि हा आकडा बघा. वर पहिला आठवडा वेटिंगचा, त्याचे पैसे नाहीत. माझा चुलतभाऊ फ्लोरिडात आहे त्याला तर २७५ वर थांबवतात आणि तिथे आठवडेही बारा, बऱ्याच राज्यांत सव्वीस असतात. एकच देश, एकच विमा, आणि राज्य बदललं की सगळंच बदलतं, म्हणून इथे कोणी 'माझ्या वेळी असं होतं' म्हणालं तर आधी राज्य विचारा, मी धरून.

निवांत_नाही:
ताई, पे-स्टब काढला. इन्कम टॅक्स न्यूयॉर्कचा आणि यूआय जर्सीचं!! नऊ वर्षांत ती ओळ कधी वाचली नव्हती. आता बसतोय भरायला. सेव्हरन्सचं काय पण?

जर्सीची_ताई:
जर्सीत सेव्हरन्समुळे भत्ता अडत नाही, मित्राला सांग. अडतं कशाने, तर कंपनी त्या पैशाला 'नोटीसच्या बदल्यात पगार' म्हणाली किंवा तुझी नोकरीची तारीखच पुढे ढकलली तर, मग तेवढे आठवडे तू कामावरच होतास असं धरतात. म्हणून कागदावर नक्की काय शब्द आहे ते वाच आणि फॉर्ममधेही तोच शब्द लिही, स्वतःची भाषा वापरू नकोस. शेवटचा दिवसही पत्रात आहे तोच.

आणि एक, कंपनीत शंभर किंवा जास्त माणसं असतील आणि जर्सीतली पन्नास किंवा जास्त काढली असतील तर १० एप्रिल २०२३ पासून जर्सीत दर वर्षाच्या नोकरीमागे एक आठवड्याचा पगार कायद्यानेच द्यावा लागतो आणि नव्वद दिवसांची नोटीसही. तुझे नऊ वर्षांचे नऊ आठवडे बघून मला तेच वाटतंय. म्हणजे ती मेहेरबानी नाही. नोटीस दिलीच नसेल तर आणखी चार आठवडे देणं लागतात. सही करायच्या आधी एखाद्या एम्प्लॉयमेंट वकिलाला तासभर दाखव.

कट्ट्यावरचा_कुलकर्णी:
न्यूयॉर्कवाल्यांनी यावरून हुरळून जाऊ नये. तिथे शेवटच्या दिवसापासून तीस दिवसांच्या आत सेव्हरन्स यायला लागला आणि त्याचा आठवड्याचा हिशोब कमाल भत्त्यापेक्षा जास्त निघाला तर तेवढे आठवडे काही मिळत नाही. कमाल भत्ता मात्र ऑक्टोबर २०२५ पासून ५०४ वरून ८६९ झालाय.

मिसळ_विदाऊट_पाव:
मी वेगळं बोलणार आहे, शिव्या घाला. माझ्या मते घेऊच नका. ग्रीन कार्ड असताना सरकारी मदत घेतली की रेकॉर्डवर येतं आणि सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूत विचारतात. माझ्या ओळखीत एकाने मुद्दाम नाही घेतली.

जर्सीची_ताई:
शिव्या नाही घालत पण हे चुकीचं आहे आणि असलं वाचून लोक पैसे सोडतात. तुम्ही म्हणताय ती 'पब्लिक चार्ज'ची (हा माणूस सरकारवर भार होईल का, ते बघण्याची) भानगड, ती सिटिझनशिपच्या अर्जाला लागतच नाही. आणि हा भत्ता उत्पन्न बघून गरिबाला दिलेली मदत नाहीच, कामावर असताना भरलेल्या विम्यातून मिळतो. सिटिझनशिपला नडेल ते खोटं बोलून पैसे घेतले तर. ते मात्र खरंच नडेल.

मिसळ_विदाऊट_पाव:
बरं. मागे घेतो. त्या ओळखीतल्याला सांगत नाही आता, उगाच जळफळाट होईल त्याचा.

एच_वनवाली:
मधेच घुसते, सॉरी. माझं एच-वन (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा) आहे, मलाही मागच्या आठवड्यात काढलं. मी भरू शकते का?

जर्सीची_ताई:
सॉरी कसलं. बहुतेक ठिकाणी नाही मिळत गं. अट अशी असते की मिळेल ते काम लगेच घ्यायला तू मोकळी पाहिजेस, आणि एच-वनवर तू एका कंपनीला बांधलेली, नवी कंपनी पिटिशन टाकेपर्यंत दुसरीकडे काम करता येत नाही. तुझं घड्याळ वेगळं आहे, साठ दिवसांचं, तेवढ्यात नवी कंपनी किंवा दुसरा व्हिसा बघायचा, त्यावर लक्ष दे आणि आज इमिग्रेशन वकिलाला फोन कर. नवऱ्याचं एच-फोर ईएडी (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचं वर्क परमिट) असेल आणि त्याचीच नोकरी गेली असती तर गोष्ट वेगळी होती.

सातारी_तडका:
निवांत, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी मुद्दाम लॉगिन केलं. तिकडून भरू नका. परत सांगतो, तिकडून भरू नका.

माझं राज्य सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझीही नोकरी गेली होती, आईला बरं नव्हतं म्हणून साताऱ्याला गेलो चार आठवडे. दर रविवारी रात्री व्हरांड्यात बसून फोनच्या हॉटस्पॉटवर लॉगिन करायचो आणि टकाटक बटणं दाबायचो. काम करायला सक्षम आणि उपलब्ध होतात का, हो. नोकरी शोधलीत का, हो. आणि खरंच शोधत होतो हो, लिंक्डइनवर तिथूनच अर्ज टाकत होतो, दोन फोन इंटरव्ह्यू पण रात्री अकराला जागून दिले! माझ्या डोक्यात काही चुकतंय असं आलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात अकाउंट लॉक झालं. परत आलो तर पत्र येऊन पडलेलं, भारतातल्या नेटवर्कवरून लॉगिन झालंय, खुलासा करा. फोनवर त्या बाईने एकच विचारलं, तुम्हाला सोमवारी सकाळी आठला कामावर या म्हटलं असतं तर येऊ शकला असता का? मी गप्प. तेवढ्यात संपलं.

दोन आठवड्यांचे पैसे परत भरले, हप्त्याने. मी आपणहून बोर्डिंग पास वगैरे सगळं दिलं म्हणून की काय, फ्रॉड लावला नाही. लावला असता तर वर दंड, तो केंद्राच्या कायद्यानेच किमान १५ टक्के असतो आणि राज्यं त्याच्यावर चढवतात, शिवाय पुढे काही काळ भत्ता बंद. व्हीपीएन लावून भरा असं सांगणारे महाभागही भेटतील, त्यांचं ऐकलंत तर जी चूक आहे तिची लबाडी होईल.

जायचं तर जाऊन या, वडिलांपेक्षा मोठं काही नाही. फक्त त्या आठवड्यांना 'उपलब्ध नव्हतो' असं खरं सांगा, पैसे मिळणार नाहीत, आणि परत आल्यावर क्लेम पुन्हा सुरू करून घ्या. ते आठवडे कुठे जळून जात नाहीत, तुमची शिल्लक तशीच राहते, फक्त क्लेमचं वर्षभराचं मुदतवर्ष असतं त्याच्या आत वापरायचे.

निवांत_नाही:
बाप रे. सातारी, अगदी हेच करणार होतो मी, हॉटस्पॉटसकट. धन्यवाद.

फॉर्म भरला. आयडी डॉट मी वर (ओळख पटवायची साइट) पासपोर्ट आणि सेल्फी, तिसऱ्यांदा चष्मा काढल्यावर घेतला. आकडा आला ८७५. मुलांची माहिती भरून काही वाढेल असं वाटलं होतं, नाही वाढलं.

जर्सीची_ताई:
नाही वाढणार. सरासरी आठवडी पगाराच्या साठ टक्के देतात आणि २०२५ साली कमाल ८७५, तू आधीच छताला टेकलायस. साधारण वर्षाला ७६ हजारांच्या वर पगार असेल की सगळ्यांना तेवढाच, मग दोन लाख असो. मुलांचं वाढीव हे कमी पगारवाल्यांना लागू पडतं.

आता तुझा तबला. सांगायचाच. रोख असो, मित्राची मुलं असोत, गुरुदक्षिणा म्हणून पाकिटात आलेली असो. आणि आता गंमत बघ. जर्सीत तुझ्या ८७५ वर वीस टक्के मिळवतात, झाले १०५०, त्यातून त्या आठवड्याची कमाई वजा करतात. तुझे चार पोरांचे साठ. उरले ९९०, ते ८७५ पेक्षा जास्त, म्हणजे तुला पूर्ण ८७५. एक पैसा कापला जात नाही! लपवलं असतंस तर मात्र क्लेमच धोक्यात. पण महिन्याच्या शेवटी २४० हातात पडले म्हणून त्या एका आठवड्यात २४० लिहिलेस तर मिळतील ८१०, पासष्ट डॉलर उगाच गेले. ज्या आठवड्यात शिकवलंस त्या आठवड्याचे साठ, पैसे कधी आले ते नाही. आठवडा रविवार ते शनिवार. उद्या कुठे पार्टटाइम लागलास तरी हेच, आणि आकडा टॅक्स कापायच्या आधीचा. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात, लबाडीने नाही, पगार शुक्रवारी आला म्हणून त्या शुक्रवारच्या आठवड्यात लिहितात.

बे_एरियातला_बंड्या:
टॅक्सचं सांगा कोणीतरी, मी पहिल्या वेळी झोपलो होतो. भत्ता केंद्राच्या इन्कम टॅक्सला पात्र आहे, जानेवारीत १०९९-जी (वर्षभरात किती भत्ता मिळाला त्याचा टॅक्सचा फॉर्म) येतो. क्लेम करताना १० टक्के कापा असा पर्याय असतो, तो घ्या. मी नाही घेतला, पुढच्या एप्रिलला बायकोसमोर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी दोन्हीकडे राज्याचा टॅक्स यावर लागत नाही, तेवढं सुख.

फिर्यादी:
मला काय झालं ते लिहितो, लांबलंय, ज्याला नाही वाचायचं त्याने सोडा.

मी पण जर्सीतच. कंपनीने मला 'काढलं' नाही. मॅनेजर म्हणाला टीम बंद होतेय, तू राजीनाम्याचा मेल टाक, पुढच्या कंपनीला चांगलं दिसतं, आम्ही रेफरन्स देऊ. मी टाकला, दोन ओळींचा, शहाणा माणूस. क्लेम भरला तर कंपनीने कळवलं, स्वतःहून सोडली. भत्ता नामंजूर. स्वतःहून सोडणाऱ्याला ठोस कारणाशिवाय मिळत नाही आणि माझ्याच हाताने लिहिलेला मेल त्यांच्याकडे.

पत्राच्या मागे बारीक अक्षरात अपिलाची मुदत असते. आता जर्सीत एकवीस दिवस आहेत, कॅलिफोर्निया न्यूयॉर्कला तीस, टेक्सासला चौदाच. मी विसाव्या दिवशी टाकलं. मधे मला दोन गोष्टी वाचवून गेल्या. एक म्हणजे तो मेल टाकायच्या आधी मॅनेजरने मला टेक्स्ट केला होता, 'आज पाचच्या आत राजीनामा पाठव नाहीतर टर्मिनेशन लेटर काढावं लागेल', त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, कंपनीचा फोन परत करायच्या आधी काढलेला. दुसरं म्हणजे नामंजूर झालं तरी मी दर आठवड्याला सर्टिफाय करत (ते ऑनलाइन भरत) राहिलो. मूर्खासारखं वाटायचं, शून्य डॉलरसाठी दर रविवारी सात प्रश्नांची उत्तरं देतोय. अकरा आठवडे. सुनावणी फोनवरच असते, चाळीस मिनिटं चालली, कंपनीकडून एचआरचा माणूस होता त्याला विचारलं तुम्ही त्या संभाषणात स्वतः होतात का, तो म्हणाला नाही. निकाल माझ्या बाजूने, अकरा आठवड्यांचे पैसे एकदम जमा. माझ्याच बरोबर काढलेला दुसरा एक मित्र, तोही अपील जिंकला, पण त्याने नामंजूर झाल्या झाल्या सर्टिफाय करणं सोडलं होतं. त्याला मधल्या आठवड्यांसाठी परत भांडावं लागलं.

निवांत, तुमचं सरळ लेऑफ आहे, तुम्हाला हे लागणार नाही बहुतेक. तरी ते लेऑफचं पत्र, सेव्हरन्सचा कागद, सगळं पर्सनल मेलवर ठेवा.

कट्ट्यावरचा_कुलकर्णी:
आणि नोकरी शोधल्याची वही. आठवड्याला तीन ठिकाणी, तारीख, कंपनी, कुठली पोस्ट, कसा संपर्क केला. मी एक्सेल ठेवली होती, कोणी विचारली नाही सहा महिने आणि सातव्या महिन्यात विचारली. हेल्थ इन्शुरन्सही विसरू नका, कोब्रा (जुन्या कंपनीचाच इन्शुरन्स स्वतः पैसे भरून चालू ठेवणं) किंवा मार्केटप्लेस (सरकारी साइटवरून स्वतः घ्यायचा) दोन्हीला साठ दिवस आहेत, बहुतेक वेळा मार्केटप्लेसच स्वस्त पडतं कारण उत्पन्न पडलेलं असतं.

निवांत_नाही:
(साडेतीन आठवड्यांनी) अपडेट. पहिले पैसे आले. १० टक्के कापून ७८७.५० एका आठवड्याचे. तबल्याचे साठ दर आठवड्याला लिहितोय, पहिल्यांदा 'काम केलंत का' ला 'हो' दाबताना हात थरथरला, पण ताईंनी सांगितलं तसंच, एक डॉलर कापला नाही. बायकोला धागा वाचायला दिला, ती आता मिसळ_विदाऊट_पाव यांची फॅन झाली आहे कारण त्यांनी चूक कबूल केली, म्हणते घरात असं कोणी करत नाही.

तिकीट १३ डिसेंबरचं काढलंय, ते आठवडे 'उपलब्ध नाही' लिहिणार. वकिलाला पण दाखवलं, नोटीसच्या चार आठवड्यांचं तो कंपनीशी बोलतोय.

आता एक नवीन अडचण. स्पॅममधे मेल सापडला, री-एम्प्लॉयमेंटची कसली तरी अपॉइंटमेंट, येत्या मंगळवारी दहा वाजता, हजर राहणं सक्तीचं लिहिलंय. आणि मंगळवारी साडेनऊला माझा एक इंटरव्ह्यू आहे, दुसरा राउंड. अपॉइंटमेंटला नाही गेलो तर काय?

जर्सीची_ताई:
न सांगता बुडवलीस तर पेमेंट अडकेल, त्यात शंका नाही. आजच फोन कर, इंटरव्ह्यू आहे म्हणून तारीख बदलून दे म्हण, इंटरव्ह्यूचा मेल हाताशी ठेव. बदलून देतात, नोकरी मिळावी म्हणूनच तर बोलावतात. सकाळी लाइन उघडल्या उघडल्या लाव, दुपारी लागत नाही. कोणाशी बोललास त्याचं नाव आणि वेळ त्या एक्सेलमधे टाक.

कुठला राउंड म्हणालास, दुसरा? कळव काय होतं ते.